इंग्रजीचं ‘आऊट’ आणि रशियनचं ‘वी’: रशियनभाषकाने फ्रेझल व्हर्ब कशी शिकावीत

ऑफिसच्या ग्रुपवर मेसेज येतो: ‘समथिंग केम अप, लेट्स पुट इट ऑफ. आय विल गेट बॅक टू यू वन्स आय हॅव सॉर्टेड इट आऊट.’ वाचणारा माणूस नोवोसिबिर्स्कचा, आयटीत काम करणारा, शाळेत दुसरीपासून इंग्रजी शिकलेला. यातला एकही शब्द त्याला नवा नाही. कम, पुट, गेट हे तर पहिल्याच वर्षी शिकलेले. तरी या दोन ओळींचा अर्थ त्याला लागत नाही. हेच जर ‘वुई मस्ट पोस्टपोन द मीटिंग’ असं आलं असतं, तर त्याला क्षणात कळलं असतं. जड शब्द येतात आणि हलके अडवतात, असा हा प्रकार आहे.

मी रशियनभाषकांना इंग्रजी शिकवते, आणि हा अडथळा जवळजवळ प्रत्येकाच्या वाटेत येतो. क्रियापद अगदी साधं, त्याच्या मागून अप, आऊट, ऑफ, ओव्हर असं एखादं अव्यय, आणि दोन्ही मिळून तिसराच अर्थ. हीच फ्रेझल व्हर्ब. इंग्रजी बोलणारी माणसं दिवसभर याच जोड्या वापरतात. डॉ. सॅम्युएल जॉन्सन यांनी 1755 मध्ये आपला कोश काढला, तेव्हा प्रस्तावनेतच लिहून ठेवलं होतं की परकीयांना इंग्रजीत सगळ्यात जास्त त्रास या जोड्यांचाच होतो.

माझं म्हणणं मात्र असं आहे की रशियनभाषकाला या जोड्या जितक्या परक्या वाटतात तितक्या त्या नाहीत. हे सगळं यंत्र त्याच्या भाषेत आधीपासून आहे. फरक एवढाच, की इंग्रजीत ते क्रियापदाच्या मागून येतं आणि रशियनमध्ये पुढे चिकटून. ही गोष्ट त्याला कुणी सांगत नाही, म्हणून तो शेकडो जोड्या घोकत बसतो.

(पुढे रशियन शब्द त्यांच्या स्पेलिंगप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत, म्हणजे उपसर्ग डोळ्यांना दिसेल. बोलताना उच्चार थोडे बदलतात. ‘वी’मधला स्वर आपल्या ‘ई’पेक्षा बराच मागून, घशाकडून येतो.)

उपसर्गांचं घर

रशियनमध्ये ‘चालत जाणे’ या क्रियापदाचा गाभा ‘यती’ असा धरू. त्याला पुढे एकेक उपसर्ग लावत जा. वोयती म्हणजे आत जाणे, वीयती म्हणजे बाहेर पडणे. उयती म्हणजे निघून जाणे, प्रियती म्हणजे येऊन पोचणे. पोदोयती म्हणजे जवळ जाणे, ओतोयती म्हणजे बाजूला सरकणे. पेरेयती म्हणजे ओलांडणे, दोयती म्हणजे अमुक ठिकाणापर्यंत पोचणे, झायती म्हणजे जाता जाता डोकावणे. आता इंग्रजी बघा: गो इन, गो आऊट, गो अवे, कम अप टू, स्टेप अवे, गो अक्रॉस, ड्रॉप इन. क्रियापद जवळपास तेच राहतं आणि दिशा सांगायचं काम एक छोटा तुकडा करतो. रशियनमध्ये तो तुकडा आधी येतो आणि इंग्रजीत नंतर.

भाषाशास्त्रज्ञ लेनर्ड टाल्मी यांनी जगातल्या भाषांची जी वर्गवारी केली, तीत इंग्रजी आणि रशियन याच कारणाने एका गटात बसतात. दोन्हींत हालचाल कशी झाली ते क्रियापद सांगतं आणि ती कुठल्या दिशेने झाली ते हा सोबतचा तुकडा सांगतो. ‘ही रॅन आऊट’ला रशियन ‘ओन वीबेझाल’ म्हणतो, ‘शी स्वॅम अक्रॉस’ला ‘ओना पेरेप्लीला’. भाग मोजून बघितले तरी तितकेच भरतात. फ्रेंच किंवा स्पॅनिश माणसाला हे असं आयतं मिळत नाही. त्याच्या भाषेत ‘बाहेर पडणे’ हे एक वेगळंच क्रियापद असतं आणि ‘पळत’ हे वरून जोडावं लागतं.

आपल्याकडच्या वाचकाला इथे संस्कृत आठवेल. आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार हे शाळेत पाठ केलेलं असतं. रशियन उपसर्ग त्याच जुन्या कुळातले आहेत. रशियनचं ‘वी’, इंग्रजीचं ‘आऊट’ आणि संस्कृतचं ‘उद्’, म्हणजे उद्गम, उत्पन्न, उत्थान यांतलं, ही तिन्ही एकाच मुळातून आलेली भावंडं. वेदांच्या संस्कृतात तर उपसर्ग क्रियापदापासून सुटा राहत असे, मधे इतर शब्द येऊ शकत. पुढच्या काळात तो क्रियापदाला चिकटला. इंग्रजीचा प्रवास उलटा झाला. जुन्या इंग्रजीत ‘बाहेर जाणे’ याला ‘ऊटगान’ असा उपसर्ग लावलेला शब्द होता, आणि हळूहळू तो उपसर्ग सुटून क्रियापदाच्या मागे जाऊन बसला. फरगिव्ह, अंडरस्टँड, विथस्टँड, ओव्हरकम हे त्या जुन्या रचनेचे शिल्लक राहिलेले नमुने. एखाद्या रशियन विद्यार्थ्याला हा इतिहास सांगितला की त्याची भीती बरीच कमी होते, असा माझा अनुभव आहे. एरवी सगळं मनमानी वाटतं, आणि मनमानी गोष्ट लक्षात ठेवायला मन तयार होत नाही.

आता सुरुवातीचा मेसेज परत घेऊ. ‘पुट ऑफ’ म्हणजे पुढे ढकलणे. रशियनमध्ये ‘ओत्लोझित’. त्यातलं ‘ओत’ म्हणजे ‘पासून दूर’, आणि ‘लोझित’ हा ‘ठेवणे’ या अर्थाचा गाभा. पुट आणि ऑफ, तुकड्याला तुकडा जुळतो. ‘केम अप’ म्हणजे अचानक उद्भवलं. रशियनमध्ये ‘वोझनीक्नुत’, आणि ‘वोझ’ हा उपसर्ग वरच्या दिशेचा. ‘सॉर्ट आऊट’ला ‘राझोब्रात्स्या’, ज्यात ‘राझ’ म्हणजे सुटं सुटं करणे. इथे चित्र थोडं वेगळं आहे, पण समजण्यासारखं आहे. ‘गेट बॅक टू यू’ला ‘ओत्वेतित’, उत्तर देणे, त्यातही परत तेच ‘ओत’. चारपैकी एक जोडी तंतोतंत, एक जवळजवळ, आणि उरलेल्या दोन थोडा विचार केला की कळणाऱ्या. ज्याला हा मेसेज वाचता येत नव्हता, त्याच्याकडे त्याची निम्म्याहून जास्त उत्तरं आधीच होती.

मग अडतं कुठे

एक अडचण शिकवण्याच्या पद्धतीत आहे. पुस्तकांत फ्रेझल व्हर्ब क्रियापदानुसार लावलेली असतात. आज ‘लुक’चा धडा: लुक आफ्टर, लुक फॉर, लुक इंटू, लुक अप, लुक डाऊन ऑन, लुक फॉरवर्ड टू. पुढच्या आठवड्यात ‘गेट’चे पंधरा प्रकार. ही मांडणी विद्यार्थ्याचं नुकसान करते, असं माझं ठाम मत आहे. एकसारखी दिसणारी, पण अर्थाने एकमेकींशी संबंध नसलेली सहा रूपं एकाच दिवशी समोर ठेवली की ती एकमेकांत मिसळतात. परीक्षेपुरती राहतात आणि नंतर ‘लुक आफ्टर’ की ‘लुक फॉर’ हा गोंधळ वर्षानुवर्षं टिकतो. त्याऐवजी एकेका अव्ययाभोवती जोड्या गोळा केल्या, तर अर्थ दिसायला लागतो. रशियनभाषकाला तर हे जास्तच सोपं, कारण त्याच्या डोक्यात शब्द उपसर्गांनुसारच लागलेले असतात.

दुसरी अडचण शब्दकोशाची. रशियन शब्दाला कोशात एक इंग्रजी शब्द मिळतो आणि तो बहुतेकदा लॅटिन कुळातला असतो. ‘तेर्पेत’ बघितलं तर ‘टॉलरेट’ सापडतं, ‘पुट अप विथ’ नाही. एक शब्द, एक अर्थ, चुकण्याची भीती नाही. मग माणूस मित्राशी बोलतानाही ‘आय कॅनॉट टॉलरेट धिस नॉइज’ म्हणतो. व्याकरणात काही चूक नाही, पण ऐकणाऱ्याला समोर सरकारी पत्र वाचल्यासारखं वाटतं.

फ्रेझल व्हर्ब टाळण्याची ही सवय रशियनांपुरती नाही. 1985 मध्ये हिब्रूभाषक विद्यार्थ्यांवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की ते फ्रेझल व्हर्ब टाळून एकेरी क्रियापद पसंत करतात. हिब्रूत अशी रचनाच नाही, म्हणून असेल, असं वाटलं. पण 1989 मध्ये डचभाषकांवर काम झालं. डचमध्ये अशा जोड्या भरपूर आहेत. तरी त्या विद्यार्थ्यांनी काही फ्रेझल व्हर्ब टाळली, आणि विशेष म्हणजे जी डचशी फारच जुळत होती तीच टाळली. ‘हे आपल्या भाषेसारखं आहे, म्हणजे नक्की चूक असणार’ असा संशय त्यामागे असावा. रशियन विद्यार्थ्यांत मला हा संशय सतत दिसतो. ‘ओत्लोझित’ म्हणजे ‘पुट ऑफ’, इतकं सरळ कसं असेल, असं त्यांना वाटतं. त्यांना सांगावं लागतं, की इथे भरवसा ठेवायला हरकत नाही.

‘आऊट’पासून सुरुवात

सुरुवात कुठून करायची याबद्दल माझ्या मनात शंका नाही. ‘आऊट’पासून. कारण ‘आऊट’ आणि ‘वी’ यांची वाट सगळ्यात लांबवर एकत्र चालते.

आधी साधी दिशा: वीब्रोसित म्हणजे थ्रो आऊट, वीरेझात म्हणजे कट आऊट, वीचेर्क्नुत म्हणजे क्रॉस आऊट, लिहिलेलं खोडणे. इथवर कुणालाही कळेल.

दुसरी पायरी जास्त गोड आहे. जे झाकलेलं होतं ते बाहेर आलं, म्हणजे कळलं. इंग्रजीत फाइंड आऊट, फिगर आऊट, वर्क आऊट, पॉइंट आऊट. रशियनमध्ये ‘वीयास्नित’, ज्यात ‘यास्नी’ म्हणजे स्पष्ट, म्हणजे स्पष्ट करून बाहेर काढणे. ‘वीयावित’ म्हणजे उघडकीला आणणे. ‘वीचिस्लित’ म्हणजे हिशेब करून काढणे, आणि बोलीत एखाद्याला शोधून काढणे. आणि मराठीत आपण काय म्हणतो? शोधून काढ. हिशेब काढ. माग काढ. ‘काढणे’ म्हणजे बाहेर आणणेच. तीन भाषांनी ज्ञानाचं एकच चित्र धरलं आहे: माहिती कुठेतरी आत दडलेली असते आणि आपण ती बाहेर ओढतो. हे एकदा दिसलं की ‘फाइंड’ आणि ‘फाइंड आऊट’ यांतला फरक पाठ करावा लागत नाही. किल्ली सापडली तर ‘फाइंड’. किल्ली कुणी घेतली ते शोधून काढलं, तर ‘फाइंड आऊट’.

तिसरी पायरी संपण्याची. जे होतं ते पूर्ण बाहेर गेलं, आत काही उरलं नाही. डाय आऊट म्हणजे एखादी प्रजाती नामशेष होणे, रशियनमध्ये ‘वीमेरेत’, तुकड्याला तुकडा जुळतो. बर्न आऊट म्हणजे ‘वीगोरेत’. कामाच्या ताणाने माणूस पोखरला जातो त्याला आजच्या रशियनमध्ये ‘वीगोरानिये’ म्हणतात, इंग्रजी ‘बर्नआऊट’चंच रशियन रूप. इथून पुढे वाटा फुटतात. ‘सेल आऊट’ला रशियन ‘राझ’ वापरतो, ‘रन आऊट ऑफ’ला ‘संपणे’ या अर्थाचं वेगळंच क्रियापद. पण तोवर विद्यार्थ्याच्या खात्यात पंधरावीस जोड्या जमा झालेल्या असतात, आणि त्याही एकही यादी न घोकता.

‘आऊट’नंतर ‘ऑफ’ घ्यावं. त्याच्या वाट्याला दोन उपसर्ग येतात, ‘ओत’ आणि ‘स’. पुट ऑफला ओत्लोझित, कॉल ऑफला ओत्मेनित, कट ऑफला ओत्रेझात. कपडे उतरवणे, टेक ऑफ, याला स्न्यात, आणि घालणे, पुट ऑन, याला नादेत, ज्यात ‘ना’ म्हणजे ‘वर’, सरळ ‘ऑन’. ‘अवे’ला ‘उ’: उयती, उबेझात, उलेतेत म्हणजे गो अवे, रन अवे, फ्लाय अवे. ‘ओव्हर’ला ‘पेरे’: हँड ओव्हर म्हणजे पेरेदात, टर्न ओव्हर म्हणजे पेरेवेर्नुत, आणि ‘गेट ओव्हर’, दुःखातून सावरून पुढे जाणे, याला पेरेझीत, ज्यात ‘झीत’ म्हणजे जगणे. दुःखाच्या पलीकडे जगत जाणे. मला हा शब्द फार आवडतो. ‘थ्रू’ला ‘प्रो’: लुक थ्रू म्हणजे प्रोस्मोत्रेत. गंमत म्हणजे या प्रोस्मोत्रेतचे दोन अर्थ आहेत, नजरेखालून घालणे आणि नजरेतून निसटणे. इंग्रजीत त्यासाठी दोन शब्द लागतात. मागे अव्यय असलेला ‘लुक थ्रू’, आणि जुन्या पद्धतीने पुढे उपसर्ग असलेला ‘ओव्हरलुक’.

‘अप’ शेवटी

‘अप’ला घाई करू नये. रशियनमध्ये ‘अप’साठी एक उपसर्ग नाही, निदान चारपाच आहेत. विमानाचं उडणं ‘व्झ्लेतेत’ म्हणजे वरच्या दिशेने, पण इंग्रजी तिथे ‘टेक ऑफ’ म्हणतं. खालून उचलणे ‘पोदन्यात’, म्हणजे ‘पिक अप’. गाठणे ‘दोग्नात’, म्हणजे ‘कॅच अप’, ज्यात ‘दो’ हा ‘पर्यंत’ सांगतो. सर्दी लागणे म्हणजे ‘पिक अप अ कोल्ड’, आणि रशियनमध्ये ‘पोदख्वातित’, खालून पटकन पकडणे. ही शेवटची जोडी इतकी जुळते की ऐकून विद्यार्थी हसतात.

‘अप’चा सगळ्यात महत्त्वाचा अर्थ मात्र दिशेचा नाहीच. ईट अप, ड्रिंक अप, यूज अप, ड्राय अप, क्लीन अप. यात ‘वर’ असं काही नाही. काम पुरतं झालं, काही शिल्लक राहिलं नाही, एवढंच ते सांगतं. मराठी माणसाला हे लगेच पोचतं, कारण आपण दिवसभर तेच करतो. ‘दूध पी’ आणि ‘दूध पिऊन टाक’ यांत जो फरक आहे, तोच ‘ड्रिंक’ आणि ‘ड्रिंक अप’मध्ये. आपण ‘टाक’, ‘काढ’, ‘जा’, ‘बस’ अशी दुसरी क्रियापदं जोडतो, इंग्रजी अव्यय जोडतं. रशियन उपसर्ग जोडतो: पीत म्हणजे पिणे, वीपित म्हणजे पिऊन संपवणे, येस्त म्हणजे खाणे, स्येस्त म्हणजे खाऊन टाकणे.

इथे एक बारीक फरक आहे आणि तो सांगितलाच पाहिजे. रशियनमध्ये क्रिया पूर्ण झाली की चालू आहे, हे प्रत्येक वाक्यात निवडावंच लागतं. त्याशिवाय वाक्य होत नाही. इंग्रजीत ‘अप’ ऐच्छिक आहे. ‘आय एट द सूप’ म्हटलं तरी सूप संपलं असं समजलं जातं. म्हणून रशियन विद्यार्थ्याने प्रत्येक पूर्ण क्रियेला ‘अप’ लावायला जाऊ नये. ‘अप’ तिथेच यावं, जिथे ‘पुरतं, शेवटपर्यंत’ असं मुद्दाम सांगायचं आहे.

जिथे भरवसा ठेवू नये

जुळणाऱ्या जोड्यांमुळे धीर येतो हे खरं, पण फसवणाऱ्या जोड्याही आहेत, आणि त्या थोड्या असल्यामुळे वेगळ्या लिहून ठेवाव्यात. ‘व्क्ल्युचित’ म्हणजे दिवा लावणे आणि समाविष्ट करणे, दोन्ही. त्यामुळे ‘प्लीज इन्क्लुड द लाइट’ हे वाक्य कानावर येतं. शिवाय रशियन दिवा ‘आत’ आणि ‘बाहेर’ करतो, व्क्ल्युचित आणि वीक्ल्युचित. इंग्रजी तोच ‘ऑन’ आणि ‘ऑफ’ करतं. ‘पेरेदूमात’ हे ‘थिंक ओव्हर’सारखं दिसतं, पण त्याचा अर्थ मत बदलणे. ‘आय थॉट इट ओव्हर’ असं म्हटलं तर इंग्रज माणूस समजतो की याने नीट विचार केला. मत बदललं हे त्याला कळतच नाही, आणि यातून व्यवहारात खरोखर घोटाळे होतात. ‘वीग्ल्यादेत’ म्हणजे दिसणे, जसं ‘तू छान दिसतेस’, त्याचा ‘लुक आऊट’शी संबंध नाही. हार मानणे रशियनमध्ये ‘स्दात्स्या’, त्यात ‘वर’ असं काही नाही, आणि इंग्रजीत मात्र ‘गिव्ह अप’. दूध उतू गेलं तर इंग्रजीत ते ‘बॉइल ओव्हर’ होतं आणि रशियनमध्ये पळून जातं, ‘मोलोको उबेझालो’.

बस आणि गाडीचं वेगळं सांगायला हवं. रशियन माणूस बसमध्ये, गाडीत, आगगाडीत सगळीकडे ‘बसतो’, क्रियापद तेच. म्हणून तो ‘आय सॅट ऑन द बस अ‍ॅट नाइन’ म्हणतो, आणि ऐकणाऱ्याला वाटतं हा नऊ वाजता सीटवर टेकला. चढणं सांगायचं तर ‘गेट ऑन’, पण मोटारीसाठी ‘गेट इन’. जिथे उभं राहता येतं, चालता येतं, तिथे ऑन आणि ऑफ. जिथे वाकून शिरावं लागतं, तिथे इन आणि आऊट. गोव्यात मोरजी आणि हरमलच्या पट्ट्यात थंडीचे महिने काढायला बरेच रशियन येतात. टॅक्सीवाल्याशी आणि स्कूटर भाड्याने देणाऱ्याशी त्यांचं बोलणं इंग्रजीतच होतं. तिथे पिक अप, ड्रॉप ऑफ, फिल अप, ब्रेक डाऊन या चारांवाचून पान हलत नाही. यांतलं ‘ब्रेक डाऊन’ त्यांना आपोआप येतं, कारण त्यांचं ‘स्लोमात्स्या’ म्हणजेही मोडणे, बिघडणे. ‘ड्रॉप ऑफ’ शिकवावं लागतं.

जागा आणि जोर

रशियन उपसर्ग क्रियापदाला कधी सोडत नाही. त्यामुळे इंग्रजी अव्यय सुटतं, मधे दुसरा शब्द येऊ देतं, याची सवय रशियन जिभेला नसते. ‘स्विच ऑफ इट’, ‘पिक अप हिम’ ही सगळ्यात जास्त ऐकू येणारी चूक. नियम छोटा आहे: इट, हिम, देम असं सर्वनाम असेल तर ते मधेच बसतं. स्विच इट ऑफ, पिक हिम अप. नाम असेल तर दोन्ही चालतं, आणि लांबलचक असेल तर शेवटीच बरं. सुटी न होणारी काही आहेतच, लुक आफ्टर, लुक फॉर, पण त्यांची ओळख कानाने होते. ‘लुक इट अप’मध्ये जोर ‘अप’वर पडतो. ‘लुक अ‍ॅट इट’मध्ये ‘लुक’वर. ज्या अव्ययावर जोर येतो, ते सुटं होतं आणि सर्वनामाला मधे घेतं.

जोराची ही गोष्ट रशियनभाषकाने मनावर घ्यावी. रशियनमध्ये जोर नसलेला स्वर विरतो, ‘ओ’चा ‘अ’ होतो. त्याच सवयीने ‘टर्न इट ऑफ’ म्हटलं की ‘ऑफ’ ऐकूच येत नाही, आणि सगळा अर्थ तर त्या ‘ऑफ’मध्येच. यावरचा उपायही रशियनमध्येच आहे. क्रिया पूर्ण झाल्याचं रूप असेल, तर ‘वी’ या उपसर्गावर कायम जोर येतो. ‘वीक्ल्युचित’ म्हणताना तो ‘वी’ ठासून म्हणतो. विद्यार्थ्याला मी आधी ‘वीपित, वीब्रोसित, वीक्ल्युचित’ मोठ्याने म्हणायला लावते, आणि लगेच ‘ड्रिंक इट अप, थ्रो इट आऊट, टर्न इट ऑफ’. जो ठोका ‘वी’वर पडला, तोच शेवटच्या शब्दावर टाकायचा. दहा मिनिटांत फरक ऐकू येतो.

किती शिकायची

कोशात हजारो फ्रेझल व्हर्ब आहेत, आणि तो आकडा बघूनच माणूस खचतो. प्रत्यक्षात वापरातली फार थोडी आहेत. 2007 मध्ये डी गार्डनर आणि मार्क डेव्हिस यांनी ब्रिटिश नॅशनल कॉर्पस हा 10 कोटी शब्दांचा संग्रह तपासला. त्यात फक्त 20 क्रियापदं आणि 8 अव्ययं यांच्या जोड्यांनीच फ्रेझल व्हर्बच्या एकूण वापराचा निम्म्याहून जास्त भाग व्यापला होता. सर्वाधिक वापरातल्या 100 जोड्या घेतल्या तरी निम्मा वापर पुरा होतो. अडचण अशी, की या 100 जोड्यांना कोशात सरासरी पाचसहा अर्थ दिलेले आहेत. म्हणून 2015 मध्ये मेलोडी गार्निए आणि नॉर्बर्ट श्मिट यांनी 150 नेहमीच्या जोड्या घेऊन प्रत्येकीचे खरोखर वापरले जाणारे अर्थ तेवढे निवडले. ते सरासरी दोनच्या आसपास निघाले. म्हणजे तीनशेच्या आत अर्थ. एका वर्षात सहज जमण्यासारखं काम आहे.

‘गो ऑन’ या सगळ्यांत वरच्या जागी आहे, आणि नेमकं तिथे रशियन उपसर्ग मदतीला येत नाही. ‘ना’ म्हणजे ‘वर’, पण ‘गो ऑन’ आणि ‘कॅरी ऑन’मधलं ‘ऑन’ ‘चालू ठेवणे’ सांगतं. ‘बॅक’लाही रशियन उपसर्ग धड नाही, तिथे ‘नाझाद’ हा स्वतंत्र शब्द मनात धरावा. हे दोन तुकडे वेगळे, इंग्रजीतूनच शिकावेत.

राहिल्या तीन शब्दांच्या जोड्या, ज्यांना विद्यार्थी सगळ्यात घाबरतात: रन आऊट ऑफ, गेट अवे फ्रॉम, कम अप विथ, लुक फॉरवर्ड टू. रशियनभाषकाने खरं तर घाबरू नये, कारण त्याच्याकडे याची दुहेरी वीण रोजची आहे. उपसर्ग क्रियापदाला लागतो आणि पुढे नामाआधी पुन्हा एक शब्द येतो, बहुतेकदा त्याच अर्थाचा: दोयती दो, ओतोयती ओत, वोयती व, वीयती इझ. ‘वीयती इझ’ म्हणजेच ‘गेट आऊट ऑफ’. पहिला तुकडा क्रियापदाचा, दुसरा नामाचा. हे एकदा पटलं की ‘लुक फॉरवर्ड टू’मधलं ‘टू’ कुणाचं, हा प्रश्न सुटतो. ते पुढच्या नामाचं आहे, क्रियापदाचं नाही. म्हणून त्यानंतर ‘सी’ येत नाही, ‘सीइंग’ येतं: ‘आय अ‍ॅम लुकिंग फॉरवर्ड टू सीइंग यू’. ईमेलच्या शेवटी रशियनभाषकांकडून सगळ्यात जास्त चुकणारी ओळ हीच, आणि ती दुरुस्त करायला वेगळा नियम लागत नाही. ‘टू’च्या नंतर, क्रियापदाच्या जागी, ‘द मीटिंग’ किंवा ‘द वीकएंड’ असं एखादं नाम घालून बघावं. नाम बसलं, तर क्रियापदालाही ‘इंग’ लावूनच घालायचं.